यजमानाविना आतिथ्य

जून महिन्यात पहिली मोठी सर कोसळली की पुढच्या शनिवारी-रविवारी आसनगाव, आटगाव आणि खर्डी या स्थानकांवर मुंबई-ठाण्याच्या तरुणाईचे लोंढे उतरू लागतात. कोणी माहुलीच्या पायथ्याकडे निघतो, कोणी धबधब्याचा पत्ता विचारत एखाद्या पाड्यावर जाऊन धडकतो. तिकडे कल्याण-मुरबाड मार्गावर टोकावडे ते माळशेजपर्यंत वाहनांची रांग लागते, घाटात गाणी वाजतात, बाटल्या फुटतात. पंधरवडा उलटण्याच्या आत कुठल्यातरी डोहातून एखाद्या विशीतल्या मुलाचे शव बाहेर काढावे लागते. मग जिल्हा प्रशासन जागे होते. धबधबे, धरणे आणि तलाव यांच्या परिसरात प्रतिबंधात्मक आदेश जारी होतात, वाटेवर पोलीस उभे राहतात आणि ज्या वनवासी आजीने त्या वाटेवर मक्याची कणसे भाजून चार पैसे मिळवण्याची आशा धरलेली असते, तिची चूल विझते. ठाणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील पर्यटनाचे हे वार्षिक चक्र आता इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही विपरीत आहे, असे कोणाला वाटेनासे झाले आहे.

शासनाजवळ या प्रश्नाची दोनच उत्तरे असतात. एक बंदी, दुसरी घोषणा. पावसाळ्यात बंदी येते, अर्थसंकल्पात घोषणा येते. माळशेज घाटात दरीवर झुकणाऱ्या प्रेक्षा-सज्जाची घोषणा अशीच झालेली आहे. काचेवर उभे राहून दरी पाहण्याने निसर्गप्रेम वाढते, अशी बहुधा यामागची श्रद्धा असावी. श्रद्धेविषयी वाद घालू नये. पण शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांच्या रानात माणसांनी यावे कसे, किती यावे, कोणत्या दिवसांत यावे आणि मुख्य म्हणजे कोणाचे पाहुणे म्हणून यावे, या प्रश्नांचा विचार कुठल्याच घोषणेत आढळत नाही. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तेव्हापासून तर हा विचार लांबणीवर टाकणे परवडण्याजोगे राहिलेले नाही. आजवर हा परिसर मुंबईच्या अंगणात होता. आता तो नाशिककरांच्या आणि त्याहून लांबच्यांच्याही एका दिवसाच्या टप्प्यात आला आहे.

या रानाची योग्यता काय आहे, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. तानसा अभयारण्य १९७० च्या दशकाच्या उंबरठ्यावर जाहीर झाले. शहापूर, वाडा आणि मोखाडा या तालुक्यांत पसरलेले त्याचे क्षेत्र तीनशे चौरस किलोमीटरांहून अधिक आहे. २०१४ मध्ये पालघर जिल्हा वेगळा झाला आणि एकच अरण्य दोन जिल्ह्यांत विभागले गेले. हे उष्ण कटिबंधातले आर्द्र पानझडीचे वन आहे. साग, ऐन, हेद, कळंब, बोंडारा, खैर, मोह, पळस, बिबा आणि बांबू. पावसाळ्यात त्यात शिरले तर दहा पावलांपलीकडचे दिसत नाही आणि एप्रिलमध्ये तेच रान इतके उघडे होते की वाळल्या पानांवरून सरपटणाऱ्या सरड्याचाही आवाज कानी पडतो. बिबट्या, तरस, भेकर, सांबर, रानडुक्कर, चौसिंगा अशी त्याची प्रजा आहे. मुरबाडच्या अंगाला सह्याद्रीची भिंत चढत जाते आणि तिथे १९८५ साली जाहीर झालेल्या भीमाशंकर अभयारण्याची पश्चिम बाजू लागते. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू हा त्या सदाहरित पट्ट्याचा रहिवासी. दोन रेल्वेस्थानके आणि एका एसटीच्या अंतरात पानझडी आणि सदाहरित अशी दोन्ही वने असावीत, असे भाग्य जगातल्या फार थोड्या महानगरांच्या वाट्याला आले आहे.

हे भाग्य किती मोठे आहे, ते एका वीतभर पक्ष्याने दाखवून दिले. रानपिंगळा या घुबडाची शास्त्रीय नोंद १८७३ मध्ये ॲलन ह्यूम यांनी केली. (काँग्रेसच्या स्थापनेशी ज्यांचे नाव जोडले जाते तेच हे ह्यूम. पक्षिशास्त्रातले त्यांचे काम मात्र निर्विवाद आहे.) १८८४ नंतर हा पक्षी कोणाच्या हाती लागला नाही आणि हळूहळू तो नामशेष झाल्याचे मानले जाऊ लागले. मध्यंतरी रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश कर्नलाने १९१४ मध्ये तो गुजरातेत मिळवल्याची नोंद होती. अनेक दशकांनंतर पॅमेला रासमुसेन यांनी संग्रहालयातले नमुने बारकाईने तपासले, तेव्हा ही नोंद चक्क लबाडी असल्याचे निघाले. एकोणिसाव्या शतकात खानदेशात मिळवलेला एक नमुना चोरून, त्यावर नवी चिठ्ठी लावून कर्नलसाहेबांनी कीर्ती कमावली होती. खोटी नोंद बाजूला सारल्यावर शोधाची दिशा बदलली आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना खानदेशात शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत दिसला. ११३ वर्षांनी. त्यानंतर सातपुड्याच्या रांगांत, मेळघाटात त्याच्या नोंदी झाल्या. तो सातपुड्याच्या आसपासचाच, असे सर्वांनी गृहीत धरले असताना २०१४ मध्ये तो तानसाच्या सागवनात दिसला. मुंबईपासून शंभर किलोमीटरांच्या आत, लोकलच्या भोंग्यापासून फार लांब नव्हे अशा ठिकाणी, जगातल्या अत्यंत दुर्मिळ घुबडांपैकी एक निवांत दिवसाउजेडी शिकार करीत बसला होता आणि कोणाला त्याचा पत्ता नव्हता.

'कोणाला पत्ता नव्हता' हे विधान मात्र जरा तपासून घ्यावे लागेल. शास्त्राला नव्हता, मुंबईला नव्हता. ज्या कातकऱ्याने आणि ठाकराने पिढ्यान्‌पिढ्या त्या रानात लाकूड, मध आणि कंद शोधले, त्याने तो पक्षी कधीच पाहिला नसेल, असे कोण म्हणेल? त्याला कोणी विचारले नव्हते, एवढेच. पर्यटनाच्या आखणीतही आज नेमके हेच घडत आहे.

दुर्मिळ पक्ष्याची वार्ता पसरली की त्याच्यामागे छायाचित्रकार येतात. बहुतेक सज्जन असतात. पण मोबाइलवर ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला फांदीवर बोलावणे, घरट्याच्या ढोलीसमोर तासन्‌तास ठाण मांडणे, जागेचा नेमका पत्ता समूहांतून फिरवणे हे प्रकार देशभर सर्रास चालतात. आपल्या हद्दीत परका नर शिरला, या समजुतीने पक्षी पुन्हा पुन्हा धावून येतो, भक्ष्य शोधायचे सोडून शत्रू शोधत राहतो आणि पिले उपाशी राहतात. काही शेकड्यांत मोजल्या जाणाऱ्या पक्ष्याच्या बाबतीत ही हौस गुन्ह्याच्या जवळ जाते. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये अभयारण्यात प्रवेशासाठी परवानगी लागते, छायाचित्रणासाठीही लागते. कायद्याची तरतूद उत्तम आहे. पण तीनशे चौरस किलोमीटर रान आणि हाताच्या बोटांवर मोजावेत इतके वनरक्षक, या हिशोबात ती कागदावरच राहते. ढोलीसमोर बसलेल्या पाहुण्याला उठवण्याचा अधिकार आणि इच्छा ज्याच्याजवळ असेल, असा माणूस पाड्यावरच राहणारा हवा.

आता पाण्याकडे वळावे लागते, कारण या दोन तालुक्यांची कोणतीही गोष्ट पाण्याशिवाय पुरी होत नाही. १८९२ मध्ये तानसाचे पावणेतीन किलोमीटर लांबीचे दगडी धरण पुरे झाले आणि शहापूरच्या डोंगरांतले पाणी मुंबईच्या नळाला गेले. १९५७ मध्ये अभियंता मोडक यांच्या नावाने ओळखला जाणारा मोडकसागर झाला, पुढे भातसा झाले, २०१४ मध्ये मध्य वैतरणा झाले. मुंबईला दररोज सुमारे ३८०० ते ४००० दशलक्ष लिटर पाणी पुरवले जाते आणि त्यातला निम्म्याच्या आसपासचा वाटा एकट्या भातसाचा आहे. मुरबाड तालुक्यातल्या बारवीचे पाणी औद्योगिक विकास महामंडळ उद्योगांना आणि ठाणे जिल्ह्यातल्या शहरांना देते. ज्या तालुक्याला धरणांचा तालुका म्हणतात, त्याच शहापुरात फाल्गुन संपण्यापूर्वी पाड्यांवर टँकर सुरू होतात. धरणाच्या भिंतीवरून जलवाहिन्या जाताना दिसतात आणि त्यांच्याच सावलीत बायका हंडे घेऊन झऱ्यापाशी रात्र काढतात. यावर आजवर इतके लिहिले गेले आहे की त्यात भर घालण्यात अर्थ नाही.

पर्यटनाचा विचार करताना मात्र त्यातून एक साधा निष्कर्ष निघतो आणि तो कोणत्याही आराखड्यात दिसत नाही. पाहुणा म्हटला की त्याला पाणी द्यावे लागते. तानसात वन्यप्राणी दिसण्याचा काळ हा पानगळीनंतरचा, म्हणजे मार्च ते मे. बुद्धपौर्णिमेच्या चांदण्यात पाणवठ्यांवर प्राणिगणनेसाठी मचाणे बांधली जातात ती याच दिवसांत. आणि नेमक्या याच काळात पाड्यावरची विहीर तळाला गेलेली असते. शहरातून आलेला माणूस दोन बादल्यांनी अंघोळ करणार आणि घरातली सून त्यासाठी दीड मैल चालणार, अशा घरगुती निवासाला ग्रामीण पर्यटन म्हणून गौरवता येईल काय? ज्या पाड्याला बारमाही पाणी नाही, तिथे उन्हाळ्यात मुक्कामी पाहुणे नकोत. सकाळी यावे, रान पाहावे, भाकरी खावी आणि संध्याकाळच्या गाडीने परतावे. मुक्कामाचा हंगाम हा आश्विन ते पौष असावा. तेव्हा झरे वाहते असतात, पठारावर फुले असतात, हिवाळी पक्षी उतरलेले असतात आणि भात घरात आलेले असते. रानाचे आणि घराचे वेळापत्रक जुळवून मगच यात्रेचे वेळापत्रक आखायचे असते. आज ते शनिवार-रविवार पाहून आखले जाते.

आराखड्याअभावी जे पर्यटन आपोआप वाढते आहे, त्याचे रूप दोन्ही तालुक्यांत रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही दिसते. नदीकाठ धरून उभ्या राहिलेल्या कुंपणभिंती, त्यांच्या आत निळ्या पाण्याचे तरणतलाव, बाहेर 'निसर्गाच्या कुशीत' अशी पाटी. वनवासींची जमीन बिगरवनवासींकडे जाऊ नये, म्हणून जमीन महसूल संहितेत कलम ३६-अ आहे. तरी भाडेपट्टे, कुळमुखत्यारपत्रे आणि कोणा तिसऱ्याच्या नावावरचे व्यवहार यांच्या आडवाटा सर्वांना ठाऊक आहेत. जो कालपर्यंत त्या तुकड्यावर नाचणी-वरई पिकवत होता, तो आज त्याच तुकड्याच्या फाटकावर निळा गणवेश घालून उभा असतो, आणि त्याची बायको आत भांडी घासते. यालाही रोजगारनिर्मिती म्हणतात. आकडेवारीत ती धरलीही जाते.

या रोजगाराच्या प्रश्नाला आणखी एक बाजू आहे आणि ती सर्वांत मर्मभेदी आहे. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन आदिम जमातींपैकी एक. खैराच्या लाकडापासून कात काढणारे म्हणून कातकरी. वनकायद्यांनी खैर तोडणे गुन्हा ठरवले आणि एका समाजाचा पिढीजात व्यवसायच बेकायदा होऊन बसला. पर्याय म्हणून त्यांच्या हाती आली ती वीटभट्टी. दिवाळीच्या सुमारास शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्या रिकाम्या होऊ लागतात. भिवंडी, कल्याण, पनवेलकडे भट्ट्यांवर कुटुंबेच्या कुटुंबे जातात आणि मृगाच्या तोंडावर परततात. मुलांची शाळा सुटते ती सुटतेच. हे स्थलांतर स्वेच्छेचे असते, असेही म्हणवत नाही. पावसाळ्यात हाताला काम नसते, घरात आजारपण असते, लग्न निघते, अशा वेळी मुकादम उचल देतो. ती उचल फेडण्यासाठी पुढचे सात महिने बांधले जातात. हिशोब भट्टीमालकाच्या वहीत असतो आणि तो वाचता येत नाही.

आता हे दोन पंचांग शेजारी ठेवून पाहावेत. वनपर्यटनाचा हंगाम नोव्हेंबर ते मे. वीटभट्टीचा हंगाम नोव्हेंबर ते मे. रानाची सर्वांत बारीक माहिती ज्यांना आहे, पावलाच्या ठशावरून प्राण्याचे वय आणि पक्ष्याच्या आरडाओरड्यावरून बिबट्याची चाल जे सांगू शकतात, ते लोक नेमके पाहुणे येण्याच्या दिवसांत रानात नसतात. विटा थापत असतात. मार्गदर्शक म्हणून येतो तो शहरातला कोणी हौशी, हातात पुस्तक घेऊन. शहापूर-मुरबाडच्या वनपर्यटनाची कसोटी हीच मानली पाहिजे. वर्षअखेर पर्यटकसंख्या किती झाली, हा आकडा दुय्यम आहे. किती कुटुंबांनी उचल नाकारली, हा आकडा मोजावा. आणि उचल नाकारायची तर पैसा हातात पडण्याची वेळही महत्त्वाची ठरते. डिसेंबरात पाहुणा आल्यावर मिळणारे मानधन ऑगस्टातल्या आजारपणाला उपयोगी पडत नाही. पावसाळ्यातच पायवाटा नीट करणे, पाणवठे स्वच्छ करणे, जाळरेषांची आखणी, प्रशिक्षण ही कामे काढून त्यांची मजुरी चुकती झाली, तरच कातकरी तरुण हंगामात रानात राहील.

असे काही या भूमीत उभे राहू शकते, याचे एक प्रत्यंतर आहे. शहापूरच्या कातकरी तरुणांनी गुळवेल गोळा करून, वाळवून औषधनिर्मात्यांना पुरवण्याचा उद्योग उभा केला. पुढे वनधन योजनेची जोड मिळाली आणि २०२० च्या साथीच्या काळात, सारे व्यवहार ठप्प असताना, त्याची देशभर चर्चा झाली. ज्यांना 'कामाचे नाहीत' म्हणून हिणवले गेले, त्यांनी मोठ्या कंपन्यांच्या मागण्या वेळेवर पुऱ्या केल्या. गुळवेलीला जे साधले, ते वाटाड्याच्या कामाला का साधू नये?

यजमान कोण, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने केव्हाच देऊन ठेवले आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा यांनी अनुसूचित गावांतल्या ग्रामसभेला आपल्या सामूहिक वनाचे रक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार दिला आहे. शहापूर तालुका आणि मुरबाडमधली अनेक गावे या तरतुदींत येतात. म्हणजे पाहुण्याला वाट दाखवायची की नाही, दिवसाला किती जणांना दाखवायची, कोणत्या महिन्यात अजिबात दाखवायची नाही, हे ठरवण्यात ग्रामसभेचा आवाज पहिला असायला हवा. प्रत्यक्षात निसर्ग पर्यटनाचा आराखडा मंत्रालयात किंवा नागपुरातल्या मंडळात बनतो, त्याची निविदा तिसरीकडे निघते आणि गावाला कळते ते कमान उभी राहिल्यावर.

इतरत्र काय घडले, हे पाहण्यासारखे आहे. साताऱ्याच्या कास पठाराला २०१२ मध्ये जागतिक नैसर्गिक वारशाचा दर्जा मिळाला, पाठोपाठ गर्दी उसळली आणि फुले पायदळी जाऊ लागली. तेव्हा भोवतालच्या गावांच्या संयुक्त वनव्यवस्थापन समित्यांकडे काम सोपवून दिवसाला तीन हजारांची मर्यादा, आगाऊ नोंदणी आणि प्रवेशशुल्क लावण्यात आले. तिथेही वाद आहेत. कुंपण घातल्याने गुरांची चराई थांबली आणि फुलांवर विपरीत परिणाम झाला, असा आक्षेप आला आणि पुढे कुंपण काढावे लागले. रान हे मानवी वावर वगळून राखण्याची वस्तू नव्हे, हा धडा त्यातून मिळाला. केरळातल्या पेरियारमध्ये रानदालचिनीची साल चोरणारे आणि शिकार करणारे यांनाच विश्वासात घेऊन वाटाडे आणि राखणदार करण्यात आले. ज्याला चोरवाटा माहीत, तोच उत्तम पहारेकरी. सातासमुद्रापलीकडे कोस्टारिका या चिमुकल्या देशात १९८० च्या दशकात वनाच्छादन एक-चतुर्थांशाच्या आसपास घसरले होते. १९९६ च्या कायद्याने तिथे रान राखणाऱ्या जमीनमालकाला इंधनकरातून मोबदला देण्यास सुरुवात झाली, जोडीला मर्यादित निसर्गपर्यटन आले आणि आज तो देश निम्म्याहून अधिक वनाच्छादित आहे. तिथले शहाणपण पाहुण्यांच्या संख्येत शोधू नये. रान उभे ठेवणाऱ्याला, पाहुणा येवो न येवो, पैसा मिळत राहिला. मुंबईच्या पाणीपट्टीत तानसा-भातसाच्या पाणलोटातले रान राखणाऱ्या पाड्यांचा वाटा का असू नये, असा प्रश्न यावरून कोणी विचारला तर महापालिकेपाशी उत्तर असणार नाही.

यावर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतात. काही वन्यजीवप्रेमींना अभयारण्यात माणूसच नको असतो, पाहुणाही आणि रहिवासीही. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभाक्षेत्रातील पर्यटनाला अंतरिम स्थगिती दिली होती. मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ऑक्टोबरात ती उठली. त्या वेळीही हा वाद रंगला होता. त्यांची भीती निराधार नाही. भंडारदऱ्याला काजवे पाहायला लोटणाऱ्या गर्दीने मोटारींच्या दिव्यांनी अंधारच नाहीसा केला आणि मग वनखात्याला निर्बंध घालावे लागले. काजव्यांचा सारा संसार अंधारावर चालतो, हे पाहुण्यांच्या गावीही नव्हते. दुसरीकडे वनखात्यातल्या काही जणांना वाटते की ग्रामसभेच्या हाती कारभार गेला तर रानाची लूट होईल. लूट होणारच नाही, अशी हमी कोणी देऊ नये. गावात गट असतात, मतभेद असतात, पैशाच्या व्यवहारात पुढारी शिरतात. कोकणातल्या आणि घाटावरच्या अनेक समित्या याच खडकावर फुटल्या. म्हणून हिशोब ग्रामसभेत जाहीर वाचला जाणे, वाटाड्याची पाळी क्रमाने लागणे आणि महिलांच्या स्वयंपाकाचा मोबदला महिलांच्याच खात्यात जमा होणे या गोष्टी नियमात लिहून घ्याव्या लागतील. चुलीपाशी राबणारी एक आणि पैसे घेणारा दुसरा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती पर्यटनात आपोआप सुटणार नाही.

या भूमीची यात्रा केवळ पशुपक्ष्यांचीही असू शकत नाही. निजामशाही वाचवण्याचा अखेरचा प्रयत्न शहाजीराजांनी १६३६ मध्ये माहुलीच्या आश्रयाने केला. मोगल आणि आदिलशाही फौजांचा वेढा पडला तो इथे. मुरबाडच्या सिद्धगडावर, आज जे भीमाशंकर अभयारण्याचे रान आहे त्याच रानात, २ जानेवारी १९४३ च्या पहाटे भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना इंग्रजांच्या गोळीबारात वीरमरण आले. रानाने त्यांना अनेक दिवस पोटाशी धरले होते, भाकरी पोहोचवली ती आसपासच्या वाड्यांनी. वैशाखऱ्यावरून नाणेघाट चढावा तर वर सातवाहनांची लेणी, नागनिकेचा ब्राह्मी लेख, त्यातले यज्ञ आणि दाने, आणि घाटाच्या तोंडाशी जकातीचा म्हणून दाखवला जाणारा दगडी रांजण. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याणच्या बंदरातून जुन्नरकडे जाणारा व्यापारी घाट वापरण्याचे मोल चुकते करून पुढे जात असे. आजचा प्रवासी त्या रांजणात पाण्याची रिकामी बाटली टाकून छायाचित्र काढतो.

आणि वाघोबा. वारली, महादेव कोळी, ठाकर यांच्या सीमेवर शेंदूर माखलेल्या दगडी किंवा लाकडी रूपात तो बसलेला असतो. वाघबारशीला त्याची पूजा होते, गुरे-वासरे राखण्याची विनवणी होते. ज्या काळात बिबट्या दिसला की शहरातल्या सोसायट्या पिंजरा मागतात, त्या काळात त्याला देव मानून त्याच्या हद्दीत शेती करणारा समाज काही तासांच्या अंतरावर नांदतो आहे. भीतीला श्रद्धेत बांधून सहजीवनाची ही जी रीत आपल्या पूर्वजांनी घालून दिली, तिच्यापुढे वन्यजीव व्यवस्थापनाची अनेक पुस्तके थिटी पडतात. पाहुण्याने हे जरूर पाहावे. मात्र वाघोबाचे ठाणे हे प्रेक्षणीय स्थळ नव्हे. चप्पल काढून, गावातल्या कोणाच्या सोबतीने, त्यांनी नेले तरच जायचे, नाहीतर नाही. वारली चित्रांच्या बाबतीत जे झाले, म्हणजे चित्र हॉटेलच्या भिंतीवर आणि चितारणारा भिंतीबाहेर, ते देवाच्या बाबतीत होऊ नये.

इतके सारे योजून झाले तरी एक गोष्ट उरते आणि ती अडचणीची आहे. एकीकडे निसर्ग पर्यटनाची भाषा चालू असताना दुसरीकडे याच रानाच्या पोटात नव्या धरणांचे आराखडे आहेत. मुरबाड तालुक्यातल्या काळू नदीवरील धरणाचे काम आवश्यक वनपरवानगीविना सुरू झाले होते आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. त्यात सुमारे हजार हेक्टर वनजमीन जाणार होती. मुंबईसाठीचा गारगाई प्रकल्प तर तानसा अभयारण्याच्या हद्दीत शिरतो. शहराची तहान खरी आहे, ती नाकारून चालणार नाही. परंतु गळती, सांडपाण्याचा पुनर्वापर, समुद्राच्या पाण्याचे शुद्धीकरण हे मार्ग पुरते चोखाळण्यापूर्वी रान बुडवायचे आणि उरलेल्या रानात पर्यटन विकास करायचा, या दोन धोरणांचा मेळ कसा घालायचा, हे संबंधित खात्यांनी एकदा एकत्र बसून सांगावे. वाटाड्याचे प्रशिक्षण घेणाऱ्या तरुणाला आपण दाखवत असलेले रान दहा वर्षांनी पाण्याखाली असेल की पाण्यावर, एवढे तरी ठाऊक असले पाहिजे.

तोवर करण्याजोगे काम पुष्कळ आहे आणि त्याला फार पैसाही लागत नाही. सामूहिक वनहक्क मिळालेल्या पाच-सहा गावांची निवड करावी. पाणी बारमाही आहे अशी गावे मुक्कामासाठी, बाकीची दिवसापुरती. महिला बचत गटांकडे भाकरी-पिठल्याची आणि रानभाज्यांची जबाबदारी. आसनगाव आणि मुरबाड येथे एकेक नोंदणीकक्ष, तिथून एसटीने पाड्यापर्यंत, पुढे पायी. खासगी मोटार रानाच्या हद्दीबाहेर. रानपिंगळ्याच्या वस्तीत वर्षभर कोणालाच नेऊ नये, हा नियम पहिल्या दिवसापासून. दरडोई शुल्कातला ठरलेला भाग पाणवठ्यांसाठी आणि पाड्याच्या नळयोजनेसाठी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभांत हे विषय घेतले तर सप्टेंबरात वाटा साफ करण्याची मजुरी सुरू होऊ शकते. दसऱ्याच्या सुमारास मुकादमाचे टेंपो वाड्यांवर फिरू लागतात. त्याआधी पहिला हप्ता हातात पडला पाहिजे.